एफवायचं लिनिअर अल्जेब्रा आणि मेकॅनिक्सचं होमवर्क: गणित हातात घेतल्यापासून उत्तर तपासेपर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजात नुकतेच एफवायला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग दोन वर्षं सायन्स इंग्लिशमधून कसंबसं काढलेलं, आणि आता एकदम मॅट्रिक्स, रँक, फ्री बॉडी डायग्राम असलं सगळं एकाच महिन्यात अंगावर येतं. असाइनमेंटचा कागद हातात पडला की बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर फॉर्म्युला शोधतात. पुस्तक उलटंपालटं करून कुठे तसलंच सोडवलेलं उदाहरण दिसतं का बघतात, आकडे बदलतात, उत्तर जुळलं तर खूश, नाही जुळलं तर सोडून पुढचं. हे बारावीपर्यंत चालून जातं, इथे चालत नाही.

माझं सांगणं एकच आहे आणि खाली सगळं त्याच्याचभोवती फिरतंय: फॉर्म्युला शोधायच्या आधी मोजा. अननोन किती आहेत आणि इक्वेशन किती आहेत. या दोन आकड्यांवरून गणित सुटणार का, एकच उत्तर येणार का, काही माहिती वापरायची राहिलीय का, याचा अंदाज आधीच येतो. आणि दुसरं म्हणजे हे दोन विषय वेगळे समजू नका, मेकॅनिक्स इक्वेशन तयार करून देतं आणि लिनिअर अल्जेब्रा ती सोडवतं.

सुरुवात नाव देण्यापासून

वहीत पहिली ओळ कायम हीच: मला काय काय माहीत नाही. "समजा दोरीतला ताण टी, ठोकळ्याचं त्वरण ए" असं स्पष्ट लिहायचं, मनात ठेवायचं नाही. आपल्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाऊन आला असाल, तिथल्या पाटण गावात देवीच्या देवळात एक शिलालेख सापडलेला आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला त्याबद्दलचा. भास्कराचार्य १११४ सालचे, आणि त्यांच्या बीजगणितात एकापेक्षा जास्त अननोन आले की पहिल्याला यावत्तावत् आणि पुढच्यांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक अशी. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीसुद्धा आधी नाव, मग गणित. आपण क्ष, य, झ लिहू, पण लिहू नक्की.

आता एक सिस्टीम शेवटपर्यंत सोडवू

क्ष + य + झ = ६
२क्ष + ३य + झ = ११
क्ष − य + २झ = ५

अननोन तीन, इक्वेशन तीन, म्हणजे एकच उत्तर यायची आशा आहे, खात्री नाही. फक्त आकडे उचलून मांडा आणि उजवीकडचा कॉलम विसरू नका, कारण सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात, डावीकडे ऑपरेशन केलं आणि उजवीकडचा आकडा तसाच राहिला.

१ १ १ | ६
२ ३ १ | ११
१ −१ २ | ५

पहिल्या रोमधला पहिला १ वापरून त्याच्या खालचे दोन्ही शून्य करायचे. दुसऱ्या रोमधून पहिलीची दुप्पट वजा केली की मिळतं ० १ −१ | −१. तिसरीतून पहिली वजा केली की ० −२ १ | −१. प्रत्येक ऑपरेशन रोच्या शेजारी लिहा, "आर२ − २आर१" असं. सर मार्क देतात म्हणून नाही, तर रात्री अकरा वाजता उत्तर चुकलं तर चूक नेमकी कुठे झाली ते शोधायला तेच उपयोगी पडतं. मग तिसऱ्या रोमध्ये नवीन दुसरीची दुप्पट मिळवा, ० ० −१ | −३ उरतं. झालं, झ = ३. आता खालून वर चढायचं, य − झ = −१ म्हणून य = २, आणि क्ष = ६ − २ − ३ = १.

इथे थांबायचं नाही. १, २, ३ हे आकडे मूळ तिन्ही इक्वेशनमध्ये टाकून बघा, १+२+३ = ६, २+६+३ = ११, १−२+६ = ५. अर्धा मिनिट लागतं, आणि लिनिअर अल्जेब्राइतकं सोपं चेकिंग दुसऱ्या कुठल्याच विषयात नाही, तरी लोक ते करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि तपासताना मूळ इक्वेशन घ्या, मधल्या पायरीतलं नको, कारण मधली पायरीच चुकली असेल तर ती चुकीच्या उत्तरालाही बरोबर म्हणेल.

ही रो ऑपरेशन करायला परवानगी का आहे हेही एकदा डोक्यात बसवा. रो अदलाबदल, शून्य सोडून कुठल्याही आकड्याने गुणणं, एका रोची पट दुसरीत मिळवणं, ही तिन्ही उलटी फिरवून परत मागे येता येतं, त्यामुळे उत्तरं ना कमी होतात ना वाढतात. शून्याने गुणलं की परत येता येत नाही, ती माहिती गेली, म्हणून ते चालत नाही. डिटरमिनंट (चौकोनी मॅट्रिक्सवरून निघणारा एक आकडा) काढताना मात्र जपून, तिथे रो अदलाबदल केली की चिन्ह उलटतं, रोला ५ ने गुणलं की डिटरमिनंटही ५ पट होतो, फक्त पट मिळवल्याने काही बदलत नाही. सिस्टीम सोडवायची सवय हाताला लागलेली असते आणि डिटरमिनंटमध्येही तेच बिनधास्त केलं जातं, तिथे घोळ होतो.

शून्यांची रो आली की घाबरायचं नाही

वरचीच सिस्टीम घ्या, फक्त तिसरं इक्वेशन बदला: ३क्ष + ४य + २झ = १७. नीट बघितलं तर ही पहिल्या दोघांची बेरीजच आहे. रो रिडक्शन केलं की तिसरी रो पूर्ण शून्य होते, ० ० ० | ०. म्हणजे इक्वेशन दिसायला तीन पण खरी दोनच, रँक २. अननोन तीन, त्यामुळे एक मोकळा राहतो. झ = टी धरा, मग य = टी − १ आणि क्ष = ७ − २टी. टी ला काहीही किंमत द्या, उत्तर बसतंच. "अनंत उत्तरं" एवढंच लिहून सोडू नका, ही पूर्ण ओळ लिहा, मार्क त्या ओळीला आहेत.

आता उजवीकडे १७ च्या जागी १८ ठेवा. तिसरी रो येते ० ० ० | १. शून्य बरोबर एक, हे होऊच शकत नाही, म्हणजे उत्तर नाही. यात तुमची चूक काही झालेली नाही, उत्तर नाही हेच उत्तर आहे. बरीच पोरं इथे आलं की वाटतं आपलंच कुठेतरी चुकलं म्हणून सगळं खोडतात आणि पहिल्यापासून करतात. एकदा आकडेमोड तपासा आणि ठामपणे लिहा.

"हे व्हेक्टर लिनिअरली इंडिपेंडंट आहेत का", म्हणजे त्यातला कुठलाही एक बाकीच्यांच्या पटी मिळवून बनत नाही ना, हा प्रश्न वेगळा वाटतो पण काम तेच. व्हेक्टर कॉलम म्हणून उभे मांडा, उजवीकडे शून्य ठेवा, रिड्यूस करा. पहिल्या सिस्टीमचे कॉलम (१,२,१), (१,३,−१), (१,१,२) इंडिपेंडंट, कारण तीन पिव्हट (रिड्यूस केल्यावर प्रत्येक रोमधला पहिला शून्य नसलेला आकडा) मिळाले. बदललेल्या सिस्टीमचे (१,२,३), (१,३,४), (१,१,२) डिपेंडंट, कारण दुसरा अधिक तिसरा बरोबर पहिल्याची दुप्पट, बेरीज करून बघा, (२,४,६) येतं.

क्रेमर्स रूलबद्दल, म्हणजे डिटरमिनंटला डिटरमिनंटने भागून उत्तर काढायच्या पद्धतीबद्दल, दोन शब्द. क्रेमरने तो १७५० मध्ये मांडला, दोन बाय दोनला झकास आहे, तीन बाय तीनला चार डिटरमिनंट काढावे लागतात, आणि डिटरमिनंट शून्य आला की अनंत उत्तरं आहेत की एकही नाही हे तो थेट सांगत नाही. प्रश्नात नाव घेऊन विचारला तर वापरा, नाहीतर रो रिडक्शन.

मेकॅनिक्स: आधी चित्र, तेही एकाच वस्तूचं

फ्री बॉडी डायग्राममध्ये फ्री शब्द महत्त्वाचा. वस्तू सगळ्यांपासून सोडवून एकटी काढायची. जमीन नाही, दोरी नाही, भिंत नाही, फक्त वस्तू आणि तिला दुसऱ्यांनी लावलेली बलं. प्रत्येक बाणाला विचारायचं, हे बल कोण लावतंय? पृथ्वी, दोरी, पृष्ठभाग, कोणाचं तरी नाव आलं पाहिजे. नाव सांगता आलं नाही तर तो बाण खोटा आहे, खोडून टाका. "एम ए" नावाचा बाण काढणारे तर प्रत्येक बॅचमध्ये असतात, एम ए हे बल नाही, सगळ्या बलांची बेरीज केल्यावर इक्वेशनच्या दुसऱ्या बाजूला जे येतं ते आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. विहिरीतली पाणबुडी मोटर बिघडली म्हणून वर काढलीय आणि दोन दोरांवर टांगून ठेवलीय. मोटर ४० किलो, जी १० धरू, म्हणजे वजन ४०० न्यूटन. डावा दोर आडव्या रेषेशी ३० अंश, उजवा ६० अंश. दोन्ही दोरांतला ताण काढा.

अननोन दोन: टी१ आणि टी२. मोटर स्थिर आहे म्हणजे आडव्या दिशेचं एक इक्वेशन, उभ्या दिशेचं एक, दोन झाले. सुटणार.

आडवं: टी१ × कॉस ३० = टी२ × कॉस ६०
उभं: टी१ × साइन ३० + टी२ × साइन ६० = ४००

पहिल्यावरून टी२ म्हणजे टी१ च्या १.७३२ पट. दुसऱ्यात टाकलं की टी१ = २०० न्यूटन, टी२ = ३४६.४ न्यूटन. तपासा: आडवं १७३.२ दोन्हीकडे, उभं १०० अधिक ३०० बरोबर ४००. जास्त उभा दोर जास्त भार घेतोय, हे मनाला पटतंय का बघायचं. कॅल्क्युलेटरवर साइन ३० टाकल्यावर ०.५ च्या जागी −०.९८८ असं काहीतरी आलं तर तो रेडियन मोडवर आहे, परीक्षेला बसल्या बसल्या पहिल्यांदा हेच तपासायचं.

आता हे गणित जरा ताणून बघू, कारण खरी मजा पुढे आहे. दोन्ही दोर जवळपास आडवे केले, दोन्हीकडे फक्त ५ अंश, तर प्रत्येक दोरात ताण किती? ४०० ला २ साइन ५ ने भागा, जवळपास २३०० न्यूटन येतो. मोटर ४०० न्यूटनची आणि दोराला साडेपाच पटीहून जास्त ओढ! अंगणात कपड्यांची दोरी कितीही ओढून बांधली तरी मधे थोडी लोंबतेच, त्याचं कारण हेच. आणि पूर्ण आडवे, शून्य अंश केले तर? उभ्या इक्वेशनची डावी बाजू शून्य होते, ० = ४००. वरच्या ० ० ० | १ ची आठवण झाली ना? तुम्ही या दोन इक्वेशनचा डिटरमिनंट काढलात तर तो चिन्ह सोडलं तर साइन (कोन१ + कोन२) येतो, आणि दोन्ही कोन शून्य म्हटल्यावर तोही शून्य. "डिटरमिनंट शून्य" याचा अर्थ इथे असा की असा दोर जगात बांधताच येत नाही. हे एकदा दिसलं की मॅट्रिक्स नुसते आकड्यांचे डबे वाटत नाहीत.

हलणारी वस्तू आणि घर्षण

टेबलावर ६ किलोचा ठोकळा, दोरी पुलीवरून खाली, टोकाला ४ किलोचं वजन. टेबल गुळगुळीत. इथे ९० टक्के पोरं म्हणतात दोरीतला ताण ४० न्यूटन, कारण खाली ४ किलो लटकलंय. ताण ४० असता तर लटकणाऱ्या वजनावर वर ४०, खाली ४०, ते खाली गेलंच नसतं की! दोन वस्तू, दोन वेगळी चित्रं:

ठोकळा: टी = ६ × ए
वजन: ४० − टी = ४ × ए

बेरीज केली की ४० = १० × ए, ए = ४, मग टी = २४. दोन अननोन, दोन इक्वेशन, परत तेच.

टेबल खरखरीत असेल, घर्षणांक ०.२, तर घर्षण ०.२ × ६० = १२, ठोकळ्याचं इक्वेशन टी − १२ = ६ × ए होतं, ए = २.८ आणि टी = २८.८. घर्षणाची दिशा सरकण्याच्या उलट, म्हणून आधी ठरवावं लागतं की वस्तू कुठे जातेय. अमळनेरकडचा माझा एक मित्र क्लास घेतो, तो प्रत्येक गणिताआधी अहिराणीत पोरांना विचारतो, "हाऊ ठोकळा कथा जाई ऱ्हायना?" याचं उत्तर आल्याशिवाय घर्षणाचा बाण काढू देत नाही, आणि त्याच्या पोरांचं चिन्ह चुकत नाही. आणखी एक, ठोकळा मुळात हलतो का हेही तपासायचं. स्थिर घर्षण म्यू (घर्षणांक) गुणिले एन (पृष्ठभागाने काटकोनात लावलेलं बल) इतकं असतंच असं नाही, ते जास्तीत जास्त तेवढं होऊ शकतं. ठोकळ्याला ५ न्यूटनने ढकललं आणि तो हललाच नाही तर घर्षण ५ आहे, १२ नाही.

उतारावर गेलं की एन म्हणजे एम जी हे विसरा. चाळीसगावहून कन्नड घाट चढणारी कापसाची ट्रॉली डोळ्यासमोर आणा, रस्ता तिरका आहे, म्हणून अक्षही तिरके घ्या, एक रस्त्याच्या दिशेने आणि एक त्याला काटकोनात. मग एन = एम जी कॉस थीटा, आणि खाली ओढणारं एम जी साइन थीटा. साइन कुठे, कॉस कुठे हा गोंधळ झाला तर थीटा शून्य करून बघा: सपाट रस्त्यावर खाली ओढणारं बल शून्यच हवं, म्हणजे तिथे साइन. पाठांतराची गरज नाही.

मोजणी कामाला येते ती जागा

सपाट चित्रातल्या स्थिर वस्तूला तीनच इक्वेशन मिळतात, आडवं, उभं आणि टॉर्कचं (बलाच्या फिरवण्याच्या परिणामाचं). गुळगुळीत भिंतीला टेकवलेली शिडी: भिंतीची एन, जमिनीची एन, जमिनीचं घर्षण, तीन अननोन, सुटते. भिंतही खरखरीत केली की चौथा अननोन येतो आणि गणित अडतं, मग प्रश्नात "घसरण्याच्या बेतात आहे" असे शब्द शोधायचे, तेच दोन्ही ठिकाणी घर्षण = म्यू एन अशी जास्तीची इक्वेशन देतात. त्या शब्दांशिवाय म्यू एन लिहिलंत तर चुकलं.

याच कारणाने ओट्यावर टाकलेल्या चार पायांच्या खाटेवर माणूस बसला तर प्रत्येक पायावर किती भार हे नुसत्या या नियमांनी काढता येत नाही. पाय चार, इक्वेशन तीन, एक उभं आणि दोन टॉर्कची. एक अननोन मोकळा राहतो, वरच्या झ = टी मधल्या टी सारखा. प्रत्यक्षात उत्तर ठरतं ते पाय आणि जमीन किती दबतात यावर. तीन पायांच्या तिवईला ही अडचण नाही, तीन पाय, तीन इक्वेशन.

टॉर्क घेताना बिंदू कुठला निवडायचा? जिथे सगळ्यात जास्त अननोन बलं लागतात तो. शिडीला खालचं टोक घ्या, दोन अननोन एका फटक्यात गायब.

युनिटबद्दल थोडक्यात, किलो म्हणजे वस्तुमान, न्यूटन म्हणजे बल, आणि प्रश्नात क्विंटल आला तर आधी १०० ने गुणा. उत्तर लिहिण्याआधी एकदा सगळं एकाच मापात आहे का बघा, बस. फोटो काढला की उत्तर देणारी ॲप असतात, ती वापरायची तर तुमचं उत्तर लिहून झाल्यावर, आणि न जुळल्यास तुमच्या पायऱ्यांमध्ये पहिली न जुळणारी ओळ कुठली ते शोधायला.

आता हातात वही घ्या आणि हे एक स्वतः करा. ३० अंशाच्या गुळगुळीत उतारावर ५ किलोचा ठोकळा, दोरी वरच्या टोकाच्या पुलीवरून जाते, पलीकडे ३ किलो लटकलंय, जी १० धरा. नाव द्या, दोन चित्रं काढा, मोजा. त्वरण ०.६२५ आणि ताण २८.१२५ यायला हवा, ठोकळा वर चढतो. ऋण आलं तर दिशा उलटी धरली होती, आकडा तोच राहतो, परत करायची गरज नाही. मग ३ किलोच्या जागी अडीच किलो लावा आणि काय होतं ते बघा, आणि त्यानंतर २ किलो.